तुला रजा द्यायची कुणी?

या आठवड्याचं पत्र देवगड तालुक्यातून आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

“ताई, मी तीन वर्षं घरीच पाळणाघर चालवते. सध्या सहा मुलं आहेत. धाकटं दहा महिन्यांचं, सगळ्यात मोठा साडेचार वर्षांचा. दोघींच्या आया झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहेत, एक बँकेत, एक नर्स, दोघी दुकानात कामाला. महिना प्रत्येकी दोन हजार घेते. मिस्टर ट्रॉलरवर खलाशी आहेत, आता बंदी म्हणून घरी आहेत. मला साडेचार महिने झालेत, पहिलंच. तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर आहे. अजून एकाही आईला सांगितलेलं नाही, मुलं दुसरीकडे नेतील अशी भीती वाटते. सासूबाई म्हणतात, घरातच तर असतेस, तुला कसली रजा. सव्वा महिना मी बघेन मुलांकडे. आई म्हणते, सातव्यात माहेरी ये. मावसबहीण म्हणते, मी येऊन सांभाळते, तू आतल्या खोलीत झोप. कुणाचं ऐकू? रजा घ्यायची तर किती, आणि त्या महिन्यांचे पैसे मागायचे का? अजून एक, हसू नका. पडवीत मुलांसाठी जुन्या लुगड्याची झोळी आहे. माझ्या बाळाला तीच चालेल का?”

हसले नाही गो बाय. झोळीचं शेवटी सांगते.

‘घरातच तर असतेस, तुला कसली रजा’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. सासूबाईंवर रागावू नकोस. पोटात पोर असताना त्या लावणीच्या चिखलात वाकल्या असतील, बाराव्याला परत चुलीपुढे बसल्या असतील. त्यांच्या लेखी काम म्हणजे उंबऱ्याबाहेरचं. तुझ्याकडे मात्र सकाळी साडेआठला ओटीवर सहा जोड इवल्या चपला येऊन पडतात, त्या संध्याकाळी सहाला उचलल्या जाईपर्यंत तुझी पाठ जमिनीला लागत नाही. १ जून ते ३१ जुलै, बंदीच्या ६१ दिवसांत, खलाशाच्या घरात किराणा कोणाच्या पैशाने येतो हे सासूबाईंना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. एखाद्या दुपारी, मुलं झोपलेली असताना, त्यांच्याशी एवढंच बोल. वाद नको, हिशेब सांग.

आता माझी गोष्ट. मी रत्नागिरीत २१ वर्षं पाळणाघर चालवलं. दुसऱ्या खेपेला मीही तुझ्यासारखीच भ्याले आणि सातव्या महिन्यापर्यंत पदर सावरत गप्प राहिले. शेवटी पोटानेच सांगितलं. दोन मुलं दुसरीकडे गेली. त्यातल्या एकीची आई जाताना म्हणाली, “वहिनी, दिवस गेले याचा राग नाही हो. मला दुसरी सोय बघायला तुम्ही तीन आठवडेसुद्धा ठेवले नाहीत, त्याचा आहे.” ते मला लागलं, कारण खरं होतं. आणि रजेचं म्हणशील तर ती मी घेतलीच नव्हती. एका पोराला मऊभात भरवत होते, चार घास उरले होते, आणि पाणी गेलं. त्याची आई साडेसहाला यायची होती. ताटलीसकट पोर शेजारच्या काकूंच्या मांडीवर दिलं आणि रिक्षात बसले. तो मुलगा आता इंजिनियर आहे आणि त्याची आई लग्नाकार्यात भेटली की ही गोष्ट कौतुकाने चारचौघांत सांगते. मी हसून मान हलवते. पण घरी येऊन दर वेळी वाटतं, यात कौतुक कसलं?

तुझ्याकडे मुलं ठेवणाऱ्या शिक्षिकांना बाळंतपणाची १८० दिवस भरपगारी रजा मिळते. खासगी ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर २६ आठवडे. १९६१च्या कायद्यात ती २०१७ साली १२ वरून २६ झाली. ती रजा संपली की त्या आपलं सहा-सात महिन्यांचं बाळ तुझ्या हातात देतात आणि कामावर जातात. म्हणजे त्यांच्या रजेचा शेवट तू सांभाळतेस, आणि तुझ्या रजेचं मात्र कुठल्याच रजिस्टरात पान नाही, कारण तूच मालक आणि तूच कामगार. मागे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणात विश्रांती आणि पैसे द्यावेत म्हणून विधेयक आलं, तेव्हा बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले होते. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी कायदा झाला. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, आणि मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची माणसं खच्चून भरलेली. तेव्हा सासूबाई परत ‘कसली रजा’ म्हणाल्या तर हे सांगायला हरकत नाही. (सांगण्याआधी चहा दे.)

तर रजा कुणी द्यायची? तूच तुला. आणि ती तारखेसकट द्यायची. ‘बघू, जमेल तोवर चालवू’ असं म्हणालीस तर पाणी जाईपर्यंत चालवशील, माझ्यासारखी.

माझ्या मते दसऱ्याला बंद कर. तेव्हा तुला नववा लागलेला असेल. वाकून लंगोट बदलणं तेव्हा होत नाही, आणि एखादं पोर रस्त्याकडे धावलं तर तुझ्याच्याने धावून धरणं व्हायचं नाही. मुलांच्या दृष्टीनेही तेच बरं. शिवाय पुढे शाळांना दिवाळीची सुट्टी लागते, म्हणजे दोन्ही शिक्षिका काही दिवस घरीच असतील, त्यांची अडचण तेवढीच कमी. आणि उघडायचं १ मार्चला. सव्वा महिना म्हणू नकोस. सव्वा महिन्यात अंगावरचं जाणंसुद्धा नीट थांबलेलं नसतं कित्येकींचं, आणि सिझर झालं तर दहा किलोचं पोर उचलण्याचं नावच काढायचं नाही.

मार्चचं आणखी एक कारण आहे, आणि ते आयांना नक्की सांग. बाळाच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असतात. त्या तिन्ही होईपर्यंत डांग्या खोकल्यासारख्या आजारापुढे बाळ फार उघडं असतं. पाळणाघरातली मुलं म्हणजे शेंबूड आणि खोकला आलाच, त्यात कुणाचा दोष नाही. नोव्हेंबरच्या मध्यावरून चौदा आठवडे मोज, फेब्रुवारीची वीस-एकवीस येते. त्यावर एक आठवडा हाताशी ठेवला की १ मार्च.

आता त्यांना सांगायचं कधी? याच आठवड्यात. तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप असेलच, पण आधी प्रत्येकीला संध्याकाळी मूल न्यायला आली की दारात तोंडाने सांग आणि मग ग्रुपवर टाक. दारात सांगितलेलं आणि मोबाइलवर वाचलेलं यात फरक पडतो. शब्द सुचत नसतील तर हे घे, हवं तसं बदल:

“सगळ्यांना नमस्कार. एक आनंदाची बातमी, मला दिवस गेलेत. तारीख नोव्हेंबरच्या मध्यावर आहे. पाळणाघर दसऱ्यापर्यंत नेहमीसारखं चालू राहील, त्यानंतर बंद आणि १ मार्चला पुन्हा सुरू. मार्चमध्ये पहिली जागा आत्ताच्या मुलांची. मध्ये कुणाला सोय शोधायला मदत लागली तर सांगा, मीही विचारून ठेवते. आणि एक विनंती, अंगावर पुरळ किंवा ताप असेल तर मुलाला त्या दिवशी पाठवू नका, आधी मला फोन करा.”

एवढंच. माफी मागू नकोस, डॉक्टर काय म्हणाले ते लिहू नकोस. सहापैकी एखादी दुसरीकडे जाईल. जाऊ दे. चार महिने आधी सांगितलेलं कुणी विसरत नाही, आणि देवगडात दहा महिन्यांचं मूल सांभाळणाऱ्या बायका काही रांगेत उभ्या नाहीत.

तीन वर्षांवरची मुलं त्या काळात सकाळी अंगणवाडीत जाऊ शकतात. तिथे काही तास आणि गरम खाऊ मिळतो, दुपारनंतरचं आजीने बघायचं. शिक्षिका बाईंना हे सुचवताना अवघडू नकोस. शाळेच्या शेजारीच अंगणवाडी भरते, पण त्यांना ती आपल्या मुलासाठी कधी सुचत नाही.

मावसबहिणीचं मन मोठं आहे, पण ‘तू आतल्या खोलीत झोप’ हे कोकणातल्या घरात बोलायला सोपं. आतल्या खोलीला दार असेल, पण पोरांना तुझा आवाज ओळखू येतो. एक रडलं की दुसरं ‘मावशी’ करत पडदा सारून आत, आणि तू टाक्यांसकट उठून बसणार. तिला खरंच मदत करायची असेल तर तिने दोन मोठी मुलं स्वतःच्या घरी सांभाळावीत, त्यांच्या आया कबूल असतील तर, आणि पैसे तिने घ्यावेत. ती मुलं मग तिच्याकडेच राहिली तर? राहू देत. तुझं सगळ्यात मोठं पोर तसंही जूनमध्ये शाळेत जाणार आहे.

सासूबाईंना सहा मुलं देऊ नकोस. त्यांचे गुडघे कसे आहेत हे तू लिहिलं नाहीस, पण या वयाच्या कोकणातल्या बाईचे गुडघे कसे असतात ते मी सांगू शकते. त्यांनी तुझ्याकडे बघावं. तुला आणि बाळाला आंघोळ, शेक, अळिवाची खीर, हे त्यांचं खातं. तिथे त्या राणी. फक्त धुरीचं तेवढं बोल: बाळाच्या तोंडावर धूर नको, त्याचा श्वास केवढासा असतो.

आणि माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत मला आवडते. पण सातव्यात गेलीस तर पाळणाघर भाद्रपदातच बंद पडेल. डोहाळजेवण सातव्यात होऊ दे, ओटी भरून परत ये. मुक्कामाला दसऱ्यानंतर जा, तेही डॉक्टरांना विचारून, आणि जायचं ठरलं तर तिथल्या दवाखान्यात आधी एकदा दाखवून नाव घाल. पूर्ण दिवसांत एसटीचे हिसके खाण्यापेक्षा आईलाच इकडे बोलावता आलं तर त्याहून चांगलं. माझं मत विचारशील तर आईच येऊ दे. तिला सांग, जावयाचं घर कधी बघणार?

पैशांकडे येते. तुझे महिन्याचे बारा हजार, चार महिन्यांहून थोडं जास्त बंद, म्हणजे पन्नास हजारांचा खड्डा. घाबरू नकोस, एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे: तुझी रजा आणि नवऱ्याचा हंगाम एकाच वेळी येतोय. ऑगस्टपासून ट्रॉलर चालू. आत्तापर्यंत बंदीत तू घर चालवलंस, ऑक्टोबर ते फेब्रुवारी त्याने चालवायचं. हे आत्ताच, तो घरी आहे तोवर, बोलून घे. ऑगस्टनंतर तो चार दिवसांनी येणार, जाळी-बर्फाच्या गप्पा मारत जेवणार आणि झोपणार.

जून-जुलैत काही शिल्लक पडेल असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने चार-चार हजार बाजूला टाक. बचत गटात असशील तर ऑक्टोबरच्या बैठकीआधीच दहा हजारांचं सांगून ठेव, ऐन वेळी रक्कम दुसरीने उचललेली असते. लाडकी बहीणचे दीड हजार येत असतील तर त्यांना हात लावू नकोस, ते बाळाचे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला पाच हजार मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर तीन, बाळाचा जन्मदाखला आणि पहिल्या लसी झाल्यावर दोन. ई-श्रम कार्ड असेल किंवा घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तू बसतेस. आशाताईकडे या आठवड्यात जा, आधार आणि तुझ्या नावाचं बँक पासबुक घेऊन. पण हे पैसे हिशेबात धरू नकोस. आले की आले.

बंद महिन्यांचे पूर्ण पैसे मागू नयेत असं मला वाटतं, कारण त्याच महिन्यांत त्या दुसरीकडे पैसे मोजत असतील. मात्र मार्चमध्ये जागा राखून ठेवायची तर महिना पाचशे घे आणि उघडल्यावर फीमधून वळते कर. म्हणजे तो त्यांचाच पैसा, फक्त तुझ्याकडे आधी आला. बँकेतली आणि शिक्षिका देतील. दुकानात काम करणाऱ्या दोघींकडे मागू नकोस, जागा त्यांचीही ठेव. हे नियमाला धरून नाही, मला माहीत आहे.

दवाखान्याचा खर्च सरकारी ठिकाणी जवळपास नाहीच. २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायकांना मोफत तपासतात, तो दिवस कॅलेंडरवर गोल कर आणि त्या दिवशी पाळणाघर अर्धा दिवस ठेव, आयांना आधी सांगून. डॉक्टरांनी अवघड आहे म्हटलं तर कणकवली किंवा ओरोसला पाठवतात, आणि नोव्हेंबरात नवरा समुद्रात असेल, फोन लागेल याचा भरवसा नाही. म्हणून १०८ शिवाय शेजारच्या एका रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहून ठेव. मोबाइलमध्ये नको, भिंतीवर. रात्री दोनला सासूबाईंना तुझा मोबाइल उघडता येणार नाही.

आता दसऱ्यापर्यंतच्या दिवसांचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पाळणाघरात गरोदर बाई काय काय करते ते डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही.

पहिलं म्हणजे उष्टं. पोराने टाकलेला मऊभात, अर्धं चावलेलं बिस्किट, चमच्याला राहिलेली नाचणीची खीर, हे सगळं आपण नकळत तोंडात टाकतो. मी तर पेज फुंकून, आधी चाखून, त्याच चमच्याने भरवायचे. ते आता बंद. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत सायटोमेगॅलो नावाचा विषाणू महिनोन् महिने असू शकतो. मुलाला त्याचं काही होत नाही, तुलाही कळणार नाही, पण पोटातल्या बाळाच्या कानांना आणि मेंदूला त्रास देऊ शकतो. आपल्याकडे बहुतेक बायकांना तो लहानपणीच होऊन गेलेला असतो, म्हणून धास्ती घेऊ नकोस. सवय मात्र बदल. तुझा चमचा वेगळा, लंगोट बदलल्यावर आणि नाक पुसल्यावर साबणाने हात, ओढणीने नाक पुसायचं नाही, पापी घ्यायची तर कपाळाची. न्हाणीच्या दारात साबणाची वडी दोरीला बांधून ठेव, शोधावी लागली की हात धुतले जात नाहीत.

दुसरं पुरळ. तुला लहानपणी कांजण्या आल्या होत्या का, हे आज आईला फोन करून विचार. आल्या असतील तर प्रश्न मिटला. नसतील आणि पाळणाघरात एखाद्याला आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, उद्या नाही. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते, त्यामुळे ‘मी त्याला जवळ घेतलं नाही’ याला अर्थ नसतो. कांजण्यांची लस गरोदरपणात देत नाहीत. सगळ्या खपल्या वाळेपर्यंत ते मूल घरी. गाल थापड मारल्यासारखे लाल होऊन ताप येतो तो एक वेगळा आजार आहे, तोही डॉक्टरांच्या कानावर घालायचा.

उचलण्याचं: वाकून उचलू नकोस. खाली बस, पोराला तुझ्या मांडीवर चढू दे. दोन वर्षांवरची मुलं पाटावर उभी राहून चढतात, त्यांना तो खेळच वाटतो. दहा महिन्यांचं उचलावंच लागेल, तेव्हा गुडघ्यातून. दुपारी मुलं झोपली की भांडी घासायला उठायचं नाही, डाव्या कुशीवर तूही आडवी हो. भांडी चारला घासली तर कुणाचं काही अडत नाही. लोहाची गोळी रोज, गरोदरपणाचे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८०, चहाबरोबर अजिबात नाही, जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर डॉक्टर डोस वाढवतील. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला भिऊन गोळी सोडू नकोस. डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं तर पाळणाघरातली मुलं शेजारी देऊन सरळ दवाखाना.

आणि हा पाऊस. खळ्यातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं, मूल हातात घेऊन तिथे पाय घसरला तर काय ते सांगायला नको. नवऱ्याला ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासायला लाव, दर आठवड्याला, आणि पडवीच्या पायरीवर काथ्याचं पायपुसणं. तुमची शेती असेल तर यंदा लावणीला उतरू नकोस. लेप्टोच्या, म्हणजे चिखल-पाण्यातून लागणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधाला गावात डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या ‘सगळ्यांनी घेतल्या’ म्हणून तू घेऊ नकोस. गरोदर आहे असं सांग, गोळी परत दे. पायाला जखम असताना चिखलात गेलीस आणि ताप आला तर अंगावर काढू नकोस. डासांसाठी पाणी साठलेल्या करवंट्या आणि टायर उपडे करायचं काम मोठ्या चौघांना दे. त्यांच्याइतकं मन लावून ते कुणी करत नाही.

मार्चमध्ये उघडशील तेव्हा एकदम सहा घेऊ नकोस. तुझं बाळ हे एक मूल धर, आणि अंगावर पिणारं मूल म्हणजे दोन. पहिल्या महिन्यात तीन, जूनपर्यंत पाच. आयांच्या मनात एक शंका असणारच, ती स्वतःचं बघेल की आमचं? त्या बोलणार नाहीत, म्हणून तूच बोल. बाळाला पाजायला बसताना बाकीच्यांना ताटल्या द्यायच्या, म्हणजे सगळ्यांचं पोट एकाच वेळी भरतं आणि कुणी तुझा पदर ओढत नाही. सर्दी-खोकल्याचं मूल त्या दिवशी नको, हा नियम आता तुझ्या बाळासाठीही आहे, आणि तुझं बाळ आजारी असेल तर त्या दिवशी पाळणाघर बंद. हेही आत्ताच सांगून टाक. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, त्यामुळे मार्च ते मे तुला दुपारी भूक भयंकर लागेल. पेजेचं पातेलं मोठं ठेव.

झोळी. तीच चालेल, का नाही चालणार? सहा पोरं जिच्यात झोपली तिच्यात तुझंही झोपेल. जन्माआधी पाळणा बांधू नये असं म्हणणारे भेटतील, त्यांना सांग, झोळी आधीपासूनच बांधलेली आहे. लुगडं मात्र उन्हात वाळवून घे, आणि रात्री बाळाला झोळीत ठेवू नकोस, रात्री सपाट अंथरुणावर, पाठीवर. दिवसा तुझी नजर असेल तोवर झोळी. पण तुळईतली कडी जुनी असेल आणि समुद्राच्या हवेने गंजलीही असेल. ती नवऱ्याकडून जुलै संपायच्या आत काढून, बघून, नवी घालून घे. १ ऑगस्टला तो दर्यावर गेला की तू स्वतःच स्टुलावर चढशील, मला माहीत आहे.